लॉबीतल्या मोबाईलबद्दल: वायर नंतर, आधी वरचा स्लॅब बघा

तुमची पोस्ट वाचली: कंपनीची डबल हाइट लॉबी, पाच मीटर रुंद मोबाईल (फोन नव्हे, छताला टांगलेलं, हवेवर फिरणारं दांड्या-पात्यांचं शिल्प), डिझाइन पास, अ‍ॅडव्हान्स जमा, आणि बिल्डिंगचं ऑफिस म्हणतंय "वर काय आहे ते व्हेंडरने बघावं". अहो, हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकलंय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

तोल कसा काढायचा, खालून वर बांधत कसं जायचं हे तुम्हाला येतंच असणार, त्यात शिरत नाही. तुम्ही विचारलंय टांगायला वायर 2 मिमी घेऊ की 3. सांगतो, पण आधी ती कशाला अडकवणार ते ठरवा.

आमचं काम पुण्यातल्या एका कमर्शियल बिल्डिंगमध्ये होतं, नाव घेत नाही. तिथल्या ऑफिसकडे स्लॅबचं ड्रॉइंग पहिल्या मीटिंगपासून मागत होतो, मेलवर मेल. उत्तर काय, तर फॉल्स सीलिंगच्या वर आरसीसी आहे, फास्टनर मारा आणि लटकवा. वर्क परमिट पण दिलं, शिक्क्यासकट. रात्री स्कॅफोल्डिंग उभं राहिलं, पोरं वर चढली, ड्रिल हातात, आणि सिक्युरिटीवाला कागद घेऊन धावत आला की ड्रिलिंग बंद, हा पीटी स्लॅब आहे. म्हणजे पोस्ट टेन्शन, आत ताणलेल्या केबल असतात, एकेका केबलमध्ये दहा टनांहून जास्त ताण. त्यात ड्रिल गेलं तर मोबाईल राहिला बाजूला, माणूस जातो. त्या गार्डचे उपकारच म्हणायचे. पण नंतर कळलं की ते ड्रॉइंग त्याच ऑफिसच्या कपाटात होतं! कुणाला उठून काढायचं नव्हतं एवढंच. मग डेव्हलपरकडून एनओसी आणा, त्यांचा कन्सल्टंट सुट्टीवर, स्कॅफोल्डिंगचं भाडं रोज चालू, आणि क्लायंट आम्हालाच विचारतोय उशीर का.

शेवटी ड्रिल न करता दोन स्टील बीमच्या मध्ये चॅनल क्लॅम्प करून त्याला लटकवायचं ठरलं. पण बीम जिथे होते तिथे होते, पॉइंट दीड फूट सरकला आणि फिरताना टोक रेलिंगच्या काचेला लागायला लागलं. लोकांना वाटतं मग वरची दांडी थोडी छोटी करायची, काय त्यात. दोन्ही बाजू सारख्या प्रमाणात कापल्या तर तोल साधारण राहतोही, पण दोन टोकांना लटकणारे खालचे गुच्छ जवळ येतात आणि फिरताना एकमेकांवर आपटतात. त्यामुळे खालच्या दांड्याही नव्याने केल्या. ते पैसे कुणी दिले असतील ते तुम्हीच ओळखा.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो: पॉइंट कुठे आणि किती किलोचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने हातात आल्याशिवाय पत्रा कापायचा नाही. ड्रॉइंग मिळत नसेल तर जीपीआर स्कॅनिंग (न फोडता रडारने स्लॅबच्या आतलं बघणं) करून घ्या, आणि तो खर्च कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून आधीच टाका. साइट अडली तर स्कॅफोल्डिंगचं भाडं क्लायंटचं, हेही तिथेच लिहा. (मी इंजिनिअर नाही, फॅब्रिकेशनवाला आहे, शेवटचा शब्द तुमच्या कन्सल्टंटचा.)

वजनाबद्दल. तुम्ही एमएस म्हणजे माइल्ड स्टील लिहिलंय, कशाला? 2 मिमी एमएसचा एक चौरस मीटर पत्रा पावणेसोळा किलोच्या आसपास, तोच अ‍ॅल्युमिनियममध्ये साडेपाच किलोच्या आत. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत शिल्पकार अलेक्झांडर कॅल्डरचा 1977 मध्ये लागलेला मोबाईल बघा, तो मूळ स्टीलच्या विचाराने केला असता तर इतका जड झाला असता की हललाच नसता, म्हणून तो बनवणाऱ्या पॉल मातीस यांनी पाती अ‍ॅल्युमिनियम हनीकोंबची (आत मधाच्या पोळ्यासारखी पोकळ जाळी) केली, आणि 23 मीटर रुंद असून साधारण 420 किलोत बसवला. पंख्याच्या हवेवर फिरायला हवा तर हलकाच करा. आणि पावडर कोटिंग झाल्यावर तोल परत तपासा, कोटिंगचं वजन लांबच्या टोकाला असेल तर दांडी चक्क तिरकी दिसते.

आता वायर. तुमच्या मोबाईलचं वजन 30 किलोच्या आत असेल तर 2 मिमी एसएस रोप (स्टेनलेस स्टीलच्या तारांचा दोर) हिशोबाने पुरते, मी तरीही 3 घेतो, डोक्यावरच्या वस्तूला वजनाच्या दहापट ताकद धरायची सवय आहे. पण रोप सहसा तुटत नाही, फेरूल (रोपच्या टोकाचा फासा पक्का करणारी दाबायची नळी) सुटतं. पक्कडीने दाबलेलं फेरूल मी बघितलं तर काढून फेकतो, बरोबर मापाच्या क्रिम्परनेच दाबा आणि एक नमुना वजन टांगून ठेवून बघा. मोबाईलच्या लगेच वर बेअरिंगवालं स्विव्हल (गोल फिरणारा जोड) हवंच, नाहीतर रोपला पीळ बसतो. सेफ्टी वायर दुसऱ्या पॉइंटवरून आणा पण स्विव्हलच्या वरपर्यंतच, खाली आणली की गुंडाळली जाते.

एसीचं ग्रिल नेमकं कुठे फुंकतं ते उदबत्ती लावून बघा (आधी फायर पॅनलवाल्याला सांगा, नाहीतर डिटेक्टर वाजेल आणि परत तेच ऑफिस), आणि स्प्रिंकलरच्या तोंडाखाली पातं येऊ देऊ नका.

तुमच्या फोटोत नुसतं जिप्सम दिसतंय, ट्रॅपडोअर उघडून आतला एक फोटो टाका. सपाट स्लॅब आहे की बीम दिसतात एवढं कळलं तरी क्लॅम्पचं काही जमतंय का सांगता येईल.