पाण्यातलं बाळंतपण आणि तान्ह्या बाळाचं पोहणं

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: पाण्यात जन्मलेलं बाळ बुडत का नाही, आणि त्याच बळावर महिन्याभराच्या बाळाला पोहायला शिकवता येईल का. पहिलीचं उत्तर लांब आहे. दुसरीचं सरळ 'नाही'.

पाण्याखाली तान्ह्या बाळात तीन निरनिराळ्या प्रतिक्षिप्त क्रिया दिसतात. नाका-डोळ्यांभोवती पाणी लागलं की चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नर्व्हमधून मेंदूला संदेश जातो, मेंदूतून हृदयाकडे जाणारी वेगस नर्व्ह ठोके मंद करते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. हा डायव्हिंग रिफ्लेक्स. तो मोठ्यांतही असतो. दुसरी क्रिया घशातली. पाणी स्वरयंत्राच्या तोंडाशी पोचलं की श्वास थांबतो, स्वरयंत्र मिटतं आणि बाळ गिळायला लागतं. पाण्याखालच्या बाळांच्या व्हिडिओत डोळे उघडे ठेवून शांत दिसणारं बाळ बहुतेक वेळा हेच करत असतं, म्हणजे पाणी पोटात जात असतं. पुढच्या काही महिन्यांत या क्रियेची जागा खोकला घेतो. तिसरी म्हणजे पालथं धरल्यावर हातपाय लयीत हलणं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मर्टल मॅकग्रॉ यांनी 1939 मध्ये तिचं नीट वर्णन केलं: चारेक महिन्यांनंतर ही लय मोडते, बाळ नुसतं धडपडतं, आणि ठरवून केलेल्या हालचाली बऱ्याच उशिरा येतात. तोंड पाण्याबाहेर काढून श्वास घेणं या तिन्हींत कुठेच नाही.

आता बाळंतपण. पोटातल्या बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू नाळेतून येतो. पहिला श्वास घ्यायला गार हवा, स्पर्श आणि नाळेचा पुरवठा कमी होणं भाग पाडतं. अंगाइतक्या कोमट पाण्यात हवाही लागत नाही आणि गारवाही, म्हणून काही क्षण निभावतं. पाणी 37.5 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देत नाहीत, कारण आईचं अंग तापलं की बाळाचंही तापतं. पाण्यात बाळ पूर्ण पाण्याखालीच जन्मू द्यायचं, डोक्याला उगाच हात लावायचा नाही, आणि बाहेर येताच चेहरा वर काढायचा. एकदा चेहऱ्याला हवा लागली की परत पाण्यात नाही. आई मध्येच उठली आणि डोकं बाहेर आलं, तर उरलेलं बाळंतपण पाण्याबाहेरच. बाळ घाईने वर ओढलं आणि नाळ आखूड असेल तर ती तुटू शकते आणि बाळाचं रक्त जातं, म्हणून क्लॅम्प, म्हणजे नाळ दाबून बंद करायचा चिमटा, हाताशी हवा.

हे सगळं फसतं ते आधीच प्राणवायू कमी पडलेल्या बाळात. अशी बाळं पाण्याखालीच जोराने श्वास ओढतात, आणि तिथे स्वरयंत्राचं मिटणं पुरत नाही. म्हणूनच बाळाचे ठोके बिघडले किंवा गर्भजलात बाळाची शी दिसली की आईला टबबाहेर काढतात. मुदतीआधीचं, पायाळू किंवा जुळं असेल तर हा पर्यायच नको. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने 2016 मध्ये 37 ते 42 आठवड्यांच्या दरम्यान, गुंतागुंत नसेल तर कळांच्या पहिल्या टप्प्यात पाण्यात बसायला हरकत नाही म्हटलं. जन्म मात्र पाण्याबाहेर व्हावा असा सल्ला दिला. माझंही मत तेच.

पोहण्याचं म्हणाल तर तोंडावर फुंकर मारून बाळाला बुडवण्याची जी पद्धत दाखवतात, ती टाळा. बुडवणं जितकं जास्त, तितकं पाणी पोटात. तान्ह्या बाळाची मूत्रपिंडं जादा पाणी भराभर बाहेर टाकू शकत नाहीत, रक्तातलं सोडियम उतरतं आणि आकडी येऊ शकते. पाण्याची ओळखच करून द्यायची असेल तर 32 अंशांच्या वरचं पाणी, सुरुवातीला दहा मिनिटं, बाळ कायम हातात आणि तोंड पाण्याच्या वर. ओठ निळसर झाले किंवा बाळ कुडकुडू लागलं की लगेच बाहेर. बुडण्याचा धोका कमी करायला पोहण्याचे वर्ग उपयोगी पडतात, पण एक वर्षानंतर. त्याआधी तसा पुरावा नाही.

पाण्यातून आल्यावर बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपाळू वाटलं, उलट्या झाल्या किंवा हातपाय झटकायला लागलं, तर थेट दवाखाना गाठा आणि बाळाने पाणी गिळलंय हे डॉक्टरांना आधी सांगा. नाहीतर सोडियम तपासायचं राहून जातं.