निधी मागताना मुलांच्या चटईचाही खर्च लिहा

प्रश्न : आम्ही तिघी मिळून घरकाम करणाऱ्या आणि कचरा वेचणाऱ्या बायकांसाठी संध्याकाळी वाचन-लेखनाचा वर्ग चालवतो. दोन वर्षं पदरमोड करून रेटलं. आता तीन ठिकाणी निधीसाठी अर्ज केले, तिन्ही परत आले. एका ठिकाणी सांगितलं, ‘गळती फार आहे.’ ४० जणींनी नावं घातली होती, टिकल्या १७. पुढच्या अर्जात हा आकडा गाळावा का? आणि आम्हाला मानधन मागायचा संकोच वाटतो, ते मागावं का?
– एक वाचक

उत्तर : ताई, आकडा गाळू नका. मी ही चूक केलेली आहे. मी अकरा वर्षं असे वर्ग चालवले. सुरुवातीला एका अर्जात ‘नियमित उपस्थिती ३५’ असं ठोकून दिलं. देणगीदारांची माणसं न कळवता बघायला आली, तेव्हा वर्गात नऊ जणी बसल्या होत्या. पुढचा हप्ता थांबला आणि वर्ग बंद पडला. त्या नऊ जणी तर एकही दिवस चुकवत नसत. खोटं मी लिहिलं होतं आणि भोगलं त्यांनी. ती संध्याकाळ अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुमच्या २३ जणी का थांबल्या, ते त्यांच्या घरी जाऊन विचारा. आमच्या वर्गात एक आई यायची. तिची तीन वर्षांची मुलगी मांडीवर बसून सारखी पेन्सिल ओढायची. एका दिवशी ‘क’चा काना काढताना मुलीने हात हिसकला आणि रेघ पानभर गेली. आईने वही मिटली, मुलीला उचललं आणि निघून गेली. तेव्हा आम्ही शेजारच्या खोलीत चटई टाकली, खडू ठेवले आणि मुलं सांभाळायला मानधनावर एक बाई नेमली. तीन महिन्यांत सहा जणी परत आल्या, त्यात ही आईही होती. आमच्या पहिल्या अंदाजपत्रकात पाट्या होत्या, पुस्तकं होती, उद्घाटनाचा फलकसुद्धा होता. मुलांचं मात्र नाव नव्हतं. पुढे सात वर्षं मी निवड समितीवर बसून अर्ज वाचले. गळतीचं कारण आणि त्यावरचा खर्च एकाच पानावर असलेला अर्ज आला की मी तो बाजूला काढून ठेवायची. तसे अर्ज फार थोडे येत.

मानधन जरूर मागा, अगदी ठामपणे मागा. २००५ साली अ‍ॅक्शनएड ही आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्था आणि ग्लोबल कॅम्पेन फॉर एज्युकेशन ही शिक्षणासाठी काम करणाऱ्या संघटनांची जागतिक आघाडी, यांनी अनेक देशांतले प्रौढ साक्षरतेचे कार्यक्रम तपासून काही निकष मांडले होते. शिकवणाऱ्याला जितके तास काम, तितक्या तासांचं किमान प्राथमिक शिक्षकाच्या किमान वेतनाइतकं मानधन असावं. एका शिकवणाऱ्यामागे तीसहून जास्त शिकणारे नसावेत. वर्ग आठवड्यातून दोनदा, निदान दोन वर्षं चालावा. आणि खर्चाचा हिशोब किमान तीन वर्षांचा धरावा. हे निकष अर्जाला जोडा. एका वर्षाच्या निधीत अक्षरओळख होते, पण वाचनाची सवय लागायच्या आत पैसे संपतात आणि आलेलं पुसलं जातं. म्हणून तीन वर्षांचं मागा. देणाऱ्याने एकाच वर्षाचं दिलं तर घ्या, पण पुढच्या दोन वर्षांचे आकडे त्यांच्यासमोर राहू द्या.

तुमच्या अर्जात आणखी एक गोष्ट हवी : बायकांना काय शिकायचंय, ते त्यांच्याच शब्दांत. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर १९५७ साली कृष्णवर्णीय प्रौढांसाठी वर्ग सुरू झाला. तिथे मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर आधी वाचता येतं हे सिद्ध करावं लागे. पुढच्या बाजूला दुकान, मागच्या खोलीत वर्ग. गोऱ्यांचं लक्ष जाऊ नये म्हणून ही रचना. शिकवायला बर्निस रॉबिन्सन होत्या. त्या केशरचनाकार होत्या, शाळेत कधी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी आधी लोकांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कुणाला सही करायची होती, आणि मत तर द्यायचंच होतं. तोच अभ्यासक्रम झाला. पुढे असे वर्ग दक्षिणेतल्या राज्यांत ठिकठिकाणी निघाले. तुमच्या १७ जणींनाही विचारा. मजुरीचा हिशोब तपासायचाय, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचंय, असं काही निघेल. तेच उद्दिष्टांच्या रकान्यात जसंच्या तसं उतरवा. ‘सक्षमीकरण’ हा शब्द मी इतक्या अर्जांत वाचलाय की डोळा त्यावरून घसरतो.

पुरावा म्हणून समारंभाचे फोटो पाठवू नका. एखादीच्या वहीचं पहिल्या महिन्यातलं आणि दहाव्या महिन्यातलं पान, तिला विचारून, जोडा. पहिल्या पानावर बायका पेन इतकं दाबतात की मागच्या तीन पानांवर वळ उमटतो, बोट फिरवलं तर अक्षर लागतं. दहाव्या महिन्यात हात हलका झालेला असतो. ज्याने कधी वर्ग पाहिलेला नाही त्यालाही हे कळतं.

हजेरीपट मात्र रोज, शाईने, खराखुरा भरा. नवं अंदाजपत्रक झालं की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. बेरजा आणि रकाने मी स्वतः बघून देईन.