व्हॅम्पायरची ‘लागण’ की ‘बाधा’?

‘स्कायरिम’ हा व्हिडिओ गेम खेळत मराठीतून व्हिडिओ करणाऱ्या एकाचा प्रश्न आहे. खेळता खेळता तो म्हणाला, “आयला, मला व्हॅम्पायरची लागण झाली!” त्यावर मित्रांनी त्याला टोकलं. लागण रोगाची होते, भुताची नाही, ‘झपाटलं’ म्हण. मग बरोबर काय?

‘झपाटलं’ आधी बाद करू. झपाटलेल्याच्या तोंडून बोलतं ते दुसरंच कुणीतरी. इथे रक्त पिणारे आपण आणि बटण दाबणारेही आपणच.

शिवाय ‘स्कायरिम’ ज्या ‘एल्डर स्क्रोल्स’ गेममालिकेतला आहे, तिच्यात व्हॅम्पायर होणं हा सरळसरळ रोगच आहे. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये आणि २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये त्याचं नाव ‘पॉर्फिरिक हिमोफिलिया’, म्हणजे दोन खऱ्या रक्तविकारांची नावं जोडून केलेलं. पॉर्फिरियाच्या काही प्रकारांत ऊन सोसत नाही आणि हिमोफिलियाच्या मुळाशी ग्रीक ‘रक्त’ आणि ‘ओढ’ असे दोन शब्द आहेत. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. (मराठीत कुणी हौसेनं ‘रक्तपिती’ म्हणेल, तर नको. तो कुष्ठरोग.)

२०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये हा रोग व्हॅम्पायरच्या रक्तशोषक मंत्रातून जडू शकतो. जडला की आरोग्य २५ अंकांनी उतरतं. तीन दिवसांच्या आत रोगावरचं औषध प्यायलात किंवा देवस्थानाला हात लावलात की सुटलात. एवढ्या काळापुरता ‘लागण’ हाच शब्द चपखल.

आणि मित्रांचा मुद्दाही तसा लंगडाच. मराठीत रोग लागतो, नजर लागते, वेड लागतं, तसं भूतही लागतं. ‘बाधा’चंही तेच: विषबाधा, भूतबाधा, कोरोनाबाधित. ‘उतारा’ विषावर असतो आणि तिठ्यावर लिंबू-भात ठेवतात तोही उताराच. वैद्य आणि देवऋषी यांचा शब्दसंग्रह आपल्याकडे बराचसा सामायिक आहे. त्यामुळे ‘व्हॅम्पायरबाधा’ हे नाम मला आवडेल. बोलताना मात्र ‘लागण झाली’च बरं.

तीन दिवस उलटले की दोन्ही शब्द सोडा आणि ‘व्हॅम्पायर झालो’ म्हणा. तेव्हा ते औषध लागू पडत नाही. मॉर्थल गावच्या फॅलियनकडे ‘ब्लॅक सोल जेम’, म्हणजे आत्मा कोंडून ठेवणारं काळं रत्न, भरून घेऊन जावं लागतं आणि तो पहाटे गावाबाहेर विधी करतो. त्याला डॉक्टर म्हणू नका, मांत्रिकच म्हणा.