शंका आली की आधी वही उघड

नवी पेठेत औषधांचं दुकान टाकलंस, छान केलंस! पहिल्या दिवसापासून एच-वन रजिस्टर, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या विक्रीची वही, रोजच्या रोज लिही: डॉक्टर, पेशंट, औषध, किती गोळ्या. ३ वर्षं जपावं लागतं. चिठ्ठीबद्दलची शंका खरी की उगाच, हे तीच वही सांगते. एकाच डॉक्टरांची अल्प्राझोलाम (चिंतेवरची गोळी) किंवा ट्रामाडॉलची (तीव्र वेदनेवरची; दोन्हींची सवय लागू शकते) चिठ्ठी, सगळ्यांना तोच डोस, माणसं पार कर्नाटकातल्या इंडीहून आलेली, असं वारंवार दिसलं की थांब.

नवीन माणूस दोन चुका करतो:
- एका चिठ्ठीवरून डॉक्टरांवर आळ घेणं
- गिऱ्हाईक तुटेल म्हणून गप्प बसणं. ही जास्त वाईट.

आधी डॉक्टरांना फोन कर. समाधान झालं नाही तर गोळ्या देऊ नकोस; झेरॉक्स आणि तारखा जोडून औषध निरीक्षकांना लेखी कळव. काउंटरवर पेशंटला मात्र दुखवू नकोस, तो खरंच वेदनेनं बेजार असू शकतो.