दोन दिवसांत सगळं बसवू नका, एक दिवस रोडग्यांना द्या

तुम्ही विचारलंय की जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी तुम्ही दहा-बारा जण नागपूरला जमणार आहात, त्यात आजी-आजोबा आहेत, लहान मुलं आहेत, दोघं-तिघं कॉलेजचे मित्र आहेत, तर दोन दिवसांत काय काय बसवता येईल.

गेल्या जानेवारीत आमच्याकडे हेच झालं, म्हणून लिहिते. पुण्याहून मामेभाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मामी आले होते. इकडून आम्ही चौघं, माझी आई आणि माझ्या दोन मैत्रिणी घरच्यांसकट. एकूण सतरा माणसं. मामी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. लग्नानंतरचं त्यांचं सगळं आयुष्य नागपूरच्या महाल या जुन्या भागात गेलं. मामा गेल्यावर मुलाकडे पुण्याला गेल्या आणि मग नऊ वर्षांत इकडे येणंच झालं नाही.

शनिवारचं सगळं मी आखलं होतं, आणि खूप आखलं होतं. सकाळी साडेसातला तर्री पोहे. हे मात्र तुम्ही नक्की करा, आणि थंडीतच करा. पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री, वरून कच्चा कांदा, लिंबू. हातात गरम प्लेट आणि तोंडातून वाफ. मुलांसाठी तर्री बाजूला मागून घ्या, ती तिखट असते. तिथून दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह जिथे धम्मदीक्षा घेतली ती ही जागा. आता तिथे जो स्तूप आहे त्याचा घुमट १२० फूट उंच आणि तितकाच रुंद, आतून पूर्ण पोकळ. आत गेलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, माझा नऊ वर्षांचा भाचासुद्धा. तिथे घाईने जाऊ नका. आम्ही घाईने गेलो, कारण पुढे रमण विज्ञान केंद्र होतं, मग झिरो माइलचा दगड, मग बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात खरेदी, आणि रात्री सावजी जेवण.

दुपारपर्यंत लहानी रडायला लागली. बर्डीवर गाडी लावायला चाळीस मिनिटं गेली. रात्री सावजी मटण आलं तेव्हा अर्ध्या टेबलाने रस्सा चाखून पाणी मागितलं. मूळची ही कोष्टी, म्हणजे विणकरांच्या घरांतली रांध, काळ्या मसाल्याची आणि जहाल. ज्याला सवय आहे त्यालाच तिची गोडी. पोरांना घेऊन, दमल्यावर, रात्री नऊला जाण्याचं ते ठिकाणच नाही. तुमच्या मित्रांनी वेगळं जावं, भूक ठेवून.

पण मला त्या दिवसाचं लागून राहिलं ते वेगळंच. मामी चार ठिकाणी गाडीतच बसून राहिल्या. "तुम्ही या जाऊन, मी बसते इथंच. गुडघे दुखून राहिले." ज्या शहरात त्यांचं आयुष्य गेलं तेच आम्ही त्यांना खिडकीतून दाखवत होतो.

रविवारी फक्त रोडगे होते, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले गव्हाच्या पिठाचे गोळे. कळमेश्वरच्या पुढे माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांचा संत्र्याचा बगीचा आहे, गाडीने तासाभराच्या आत. नऊला निघालो, दहाला पोहोचलो, आणि मग दिवसभर कुठेच गेलो नाही.

जानेवारीत संत्र्याच्या बगीच्यात काय दिसेल हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर मुलं हिरमुसतात. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेली संत्री बहुतेक डिसेंबरपर्यंत उतरलेली असतात, आणि मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेली फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतात. मधल्या या दिवसांत पुष्कळ झाडं ताणावर असतात. म्हणजे मुद्दाम पाणी तोडलेलं. जमीन भेगाळते, पानं मलूल होतात, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. भाचा विचारत होता, "यांना पाणी का देत नाही?" सासऱ्यांनी त्याला बोटाने फांदीवरचे डोळे दाखवत अर्धा तास समजावलं. पाहुणे येणार म्हणून त्यांनी दोन झाडांची फळं राखली होती. साल बोटानेच सुटणारी, बिया बऱ्याच, आणि रस असा की कोपरापर्यंत ओघळ. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण मुलांना ते झाडाखाली बसूनच कळलं.

आता रोडगे. बाहेरगावच्यांना वाटतं ही बाटीच. तसं नाही. गव्हाचं पीठ जरा जाडसर दळून आणायचं, मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालून घट्ट मळायचं. लहान लहान पोळ्या लाटून, मध्ये तेलाचा हात लावत तीन-चार एकावर एक ठेवायच्या आणि बाहेरून आणखी एका पोळीत गुंडाळून गोळा बंद करायचा. भाजल्यावर आत पदर सुटतात ते यामुळे. सतरा जणांना आम्ही चार किलो पीठ घेतलं होतं, थोडं उरलं.

मी मळायला बसले. मामी खाटेवर उन्हात बसल्या होत्या, पायांवर शाल. पाच मिनिटं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "हे काय मळून राहिली तू? पुऱ्या करायच्या का?" मी म्हटलं, सांगा ना मग. "सांगून येते का ते. सरक बरं तिकडे."

त्यांना खाली बसता येत नाही म्हणून परात उचलून खाटेवरच ठेवली. पुढचा दीड तास त्या खाटेभोवती गेला. आई पोळ्या लाटत होती, मामी पदर लावून गोळे बंद करत होत्या, दोघी नणंद-भावजया मधूनमधून कुणाच्या तरी लग्नातल्या रोडग्यांवरून भांडत होत्या. ज्या भाचीला शनिवारी कशानेच हसवता आलं नव्हतं, ती मामींच्या हाताखाली गोळे मोजत बसली. एकदा चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

तिकडे पुरुषमंडळी गोवऱ्या रचत होती. गोवऱ्या जळून आर, म्हणजे लाल निखारे होईपर्यंत तासभर लागतो, घाई केली तर रोडगा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. ज्वाळ पूर्ण बसली की निखारे पसरून त्यात रोडगे ठेवायचे, वरून गरम राख ओढायची, मधून उलटायचे. ते होईपर्यंत मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वांग्याची भाजी: आख्खी चिरा दिलेली वांगी, थोडे आलू, भाजलेल्या खोबऱ्या-खसखशीचं वाटण. बाजूला वरण. मुलांना धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या तुरीच्या शेंगा तोडायला पाठवलं, त्या मीठ घालून उकडल्या आणि जेवणाआधीच संपल्या. रोडगे काढल्यावर स्वच्छ पोत्यावर घोळून राख झाडतात, मग मुठीने फोडून त्यावर तूप. तुपात काटकसर करू नका.

घरच्यांपैकी किंवा मित्रांपैकी कुणाचं वावर असेल तर आधी तिथे विचारा. नसेल तर आपल्याकडे देवस्थानांजवळ नवसाचे रोडगे करायची पद्धत आहे. नागपूरजवळ आदाशाच्या गणपतीला जाणार असाल तर चूल कुठे मांडता येईल ते आधी विचारून ठेवा. वाळक्या पाचोळ्याजवळ गोवऱ्या पेटवू नका, पाण्याचा ड्रम जवळ ठेवा. या दिवसांत सूर्य सहाच्या आत मावळतो आणि लगेच गारठा पडतो, रात्री पारा कधीकधी दहाच्या खाली जातो, तेव्हा आजी-आजोबांना चारनंतर थांबवू नका. तारीख पुढेमागे करून डिसेंबर धरलात तर हिवाळी अधिवेशन कधी आहे ते पाहून घ्या. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत आणि सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडलेले असतात.

आणि हो, शनिवारी संध्याकाळी हॉटेलऐवजी घरी सांबारवडी करा. सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर, हे पुणेकर पाहुण्यांना आधी सांगा, वहिनी वाटी घेऊन बसल्या होत्या. हिवाळ्यात ती स्वस्त आणि कोवळी मिळते, सारणात खोबरं, तीळ, खसखस, चारोळी. सोबत कढी असली की पुरे.

परत निघताना मामींच्या शालीला धुराचा वास येत होता. वहिनी म्हणाल्या, गाडीत बसायच्या आधी बदलू या. मामींनी ती दिली नाही. स्टेशनवर डब्यात चढवताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ओवा कमी पडला होता आज. पुढच्या टायमाले पीठ मी आणीन पुण्याहून, तुम्ही फक्त गोवऱ्या सांगून ठेवा."

या जानेवारीच्या गोवऱ्या मी सांगून ठेवल्या आहेत.