सांगायचे राहते ते आधी सांगावे

प्रश्न : माझे वय ७४ आहे. रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखी यांसाठी दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाते. समोर बसले की निम्मे सांगायचे विसरते आणि उरलेले सोबत आलेला मुलगाच सांगून टाकतो. गेल्या महिन्यात रात्री अंथरुणातून उठताना दोनदा तोल जाऊन पडले, तेही गुडघ्यांच्या बोलण्यात राहून गेले. थोड्या वेळात सगळे नीट कसे सांगावे?

उत्तर : आपल्या पत्रात जी गोष्ट शेवटी आली आहे, ती डॉक्टरांपुढे सर्वांत आधी यायला हवी. रुग्ण सुरुवातीला जे सांगतो, त्याभोवतीच बहुधा पुढची तपासणी फिरते; निघताना दाराशी सांगितलेल्या तक्रारीला वेळ उरत नाही. पडणे, लघवीवर ताबा न राहणे, विसर पडणे, मन उदास असणे या गोष्टी ‘वयामुळे व्हायच्याच’ म्हणून किंवा संकोचाने मागे ठेवल्या जातात, आणि उपचार होण्याजोगे काही तरी पुष्कळदा त्यांच्यातच असते. म्हणून दोन किंवा तीनच मुद्दे, महत्त्वाच्या क्रमाने, ठळक अक्षरांत कागदावर लिहून न्यावेत.

पडण्याविषयी मात्र तपशील हवा : किती वाजता पडलात, झटकन उठला होतात का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, शुद्ध हरपली का, झोपण्यापूर्वी कोणती गोळी घेतली होती. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरत असेल, तर तोल जाण्याचे ते एक कारण असू शकते. तेव्हा आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजण्याची विनंती करावी. मधुमेहाच्या काही औषधांनी रात्री साखर फार उतरते, त्याचीही शंका विचारावी.

औषधांची यादी करण्यापेक्षा घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून नेणे मला अधिक भरवशाचे वाटते, कारण यादीत आपण ‘खरी’ औषधे लिहितो आणि गुडघ्यांसाठी स्वतःहून घेतलेली वेदनाशामक गोळी, सर्दीची गोळी, काढा किंवा चूर्ण वगळतो. काही वेदनाशामके रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. सर्दीच्या किंवा झोपेच्या काही गोळ्यांनी उतारवयात गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते. कोणती गोळी आता बंद करता येईल, हे विचारण्यात कसलाही आगाऊपणा नाही.

मुलाला सोबत अवश्य न्यावे. मात्र बोलणे आपले आणि टिपून घेणे त्याचे, हे घरूनच ठरवावे. तो काळजीपोटीच बोलत असेल, पण गुडघा कसा दुखतो हे त्याला कसे कळणार? काही गोष्टी त्याच्यासमोर बोलवत नसतील, तर पाच मिनिटे एकटीने बोलायचे आहे, असे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. चष्मा आणि श्रवणयंत्र वापरत असल्यास बरोबर असू द्यावे, आणि उठण्यापूर्वी औषधांतील बदल आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगून दाखवावेत, म्हणजे ऐकण्यातली चूक तिथेच सुधारते.

हे सारे पुढच्या भेटीसाठी झाले. दोनदा पडल्याचे मात्र तोवर राखून ठेवू नये, या आठवड्यातच डॉक्टरांना कळवावे. पुन्हा पडून डोक्याला मार लागला, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरे वाटत असले तरी त्याच वेळी रुग्णालयात जावे.