बिबट्याच्या तालुक्यातून लिंक्सच्या देशात

नमस्कार ताई,

तुमची लेक पुण्यात टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय प्राणिशास्त्र. तिला स्पेनमधल्या इबेरियन लिंक्स या रानमांजरावर काम करायचंय आणि त्यासाठी कर्ज काढावं का, असं तुम्ही जुन्नर तालुक्यातून विचारलंय. तिच्या वडिलांचं म्हणणंही कळवलंत : ‘इथे उसात बिबट्या बसलाय आणि हिला परदेशातलं मांजर वाचवायचंय!’ या बिबट्याकडे मी पुढे येतेच.

लिंक्सची निवड वाईट नाही. २००२ च्या सुमारास जगभरात शंभराच्या आत लिंक्स उरले होते, तेही दोन्याना आणि आंदूहार या दक्षिण स्पेनमधल्या दोनच भागांत. २०२४ च्या गणनेत स्पेन-पोर्तुगाल मिळून पिल्लांसकट २,४०० च्या आसपास भरले. पण हे घडलं कसं, ते लेकीला नीट वाचायला सांगा, कारण नोकऱ्या तिथेच आहेत. लिंक्स जगतो रानसशांवर आणि ससे दोन साथींत मेले : १९५० च्या दशकात मिक्सोमॅटोसिस, मग १९८० च्या दशकाअखेर रक्तस्रावी रोग. म्हणून लिंक्सच्या नावाने नेमलेली कित्येक माणसं प्रत्यक्षात सशांची बिळं बांधत होती. बरीचशी जमीन खासगी, शिकारीसाठी राखलेली. मालकाशी करार झाल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. काही जण गाडीखाली मेलेल्या लिंक्सच्या नोंदी ठेवून रस्त्याखाली भुयारी वाट कुठे हवी ते ठरवत होते.

बंदिस्त प्रजननाचं काम सगळ्यांना आवडतं. मार्च २००५ मध्ये दोन्यानाजवळच्या एल असेबूचे केंद्रात पहिली तीन पिल्लं जन्मली. काही आठवड्यांतच भावंडांच्या मारामारीत एक गेलं. पुढच्या वेतांवर म्हणूनच त्या वयात डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं जाऊ लागलं. मात्र यात मोठा वाटा पशुवैद्यकांचा. बी.व्ही.एस्सी. ही पशुवैद्यकाची पदवी नसेल तर त्या आशेवर राहू नये.

आता पैशांचं. हे प्रकल्प मुख्यतः युरोपियन युनियनच्या ‘लाइफ’ निधीवर चालतात, म्हणजे नेमणूक ठरावीक मुदतीची. त्यात युरोपियन नागरिकाला व्हिसाची अडचण नसते आणि जमीनमालकाशी बोलायला स्पॅनिश लागतं. अशा पगारावर पंचवीस-तीस लाखांच्या कर्जाचे हप्ते फिटत नाहीत, तेव्हा कर्ज काढू नका, हे माझं स्पष्ट मत. युरोपियन युनियनची एम.एस्सी.सारख्या पदव्युत्तर शिक्षणासाठीची इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण वर्षाच्या खर्चाचे जवळजवळ बारा हजार युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) इथली एम.एस्सी. तोडीस तोड आहे; जागा मोजक्या आणि प्रवेश दरवर्षी निघतीलच असं नाही, एवढं ध्यानात ठेवा. मी आधी हेच प्रयत्न करायला सांगेन आणि युरोप पीएच.डी.साठी ठेवीन. तिथे पीएच.डी.ला अनेकदा पगार असतो.

आणि आता तो बिबट्या. लांडगा परतल्यापासून युरोपातही मेंढपाळ, नुकसानभरपाई आणि संरक्षण यांवरून जोरदार भांडण चालू आहे. २०२५ मध्ये तर युरोपियन युनियनने लांडग्याच्या संरक्षणाचा दर्जा एक पायरी उतरवला. माद्रिदच्या विद्यार्थ्याला हा वाद वर्गात शिकावा लागतो. तुमच्या लेकीच्या शेजाऱ्याची शेळी बिबट्याने नेली की पंचनाम्याला कोण येतं, पैसे कधी मिळतात, रात्रीचं पाणी द्यायला कोण जातं, हे तिला घरबसल्या ठाऊक आहे. फक्त ते कागदावर नाही.

टी.वाय.नंतरचं एक वर्ष त्यासाठी द्या. वनखात्याच्या परवानगीने तालुक्यातल्या दोन-चार गावांतल्या शेळ्या-मेंढ्यांवरच्या हल्ल्यांच्या नोंदी तिने गोळा कराव्यात, क्यूजीआयएसवर नकाशा करावा, आकडे ‘आर’मध्ये मांडावेत. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात काही काम मिळतं का, तेही विचारावं. सोबत स्पॅनिशचा वर्ग लावायचा, तोही आतापासूनच.

गावोगाव फिरताना पहिले काही दिवस वडिलांना बरोबर जाऊ द्या. एकट्या मुलीला लोक सांगणार नाहीत ते त्यांना सांगतील, आणि मुलीचं काम नेमकं काय ते त्यांनाही दिसेल.